यंत्रांशी ओळख : नावेवरचे कान आणि आकाशातले तारे

वाचकहो, या सदरात शेतातल्या यंत्रांबद्दल बोलायचे, असा आपला रिवाज. मग आज नावेवरच्या यंत्रांची गोष्ट कशाला, असे देशावरच्या मंडळींना वाटेल. पण कोकणपट्टीत शेत आणि दर्या यांच्यामध्ये कुंपण नसते. भातलावणी उरकली, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली, की कितीतरी घरांतला एक हात नावेवर जातो. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण तर थेट वेरावळ, पोरबंदर, ओखा इथे खलाशी म्हणून जातात आणि आठ-नऊ महिन्यांनी परततात. चार पैसे घरी येतात, त्यांतून बी-बियाणे होते, लेकीचे लग्न होते. असा मुलगा फोनवर सांगतो, “आये, काळजी करू नको, नावेवर जीपीएस हाय, फिश फाइंडर हाय.” आई हो म्हणते. ही दोन यंत्रे काय करतात आणि काय करीत नाहीत, हे त्या आईला कळावे, एवढ्यासाठी आजचा लेख.

आधी फिश फाइंडर. नाव इंग्रजी, पण युक्ती तुमच्या ओळखीची आहे. खोल विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली, तर हाक परत येते. विहीर खोल तितकी ती उशिरा येते. हे यंत्र तेच करते. नावेच्या तळाला, पाण्याखाली, मुठीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा एक गोळा बसवलेला असतो. तो खाली पाण्यात आवाजाचा ठोका मारतो आणि लगेच कान देऊन बसतो. आवाज एवढ्या उंच पट्टीचा असतो की माणसाला तो ऐकू येत नाही. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. समजा तळ 60 मीटरवर आहे. जाऊन-येऊन 120 मीटर झाले. त्याला वेळ लागतो सेकंदाच्या शंभर भागांपैकी आठ भाग. यंत्र तेवढा वेळ मोजते आणि पडद्यावर 60 हा आकडा दाखवते. जुन्या तांडेलांच्या हिशोबाने हे साधारण 33 वाव पाणी झाले.

पूर्वी हेच काम दोरीने होई. दोरीला शिशाचे वजन बांधायचे, वजनाच्या तळाला चरबी किंवा साबण फासायचा आणि सोडायचे. दोरी किती वाव गेली त्यावरून खोली कळे आणि साबणाला काय चिकटून आले त्यावरून तळ कळे. चिखल आला तर एक जाळे, रेती आली तर दुसरे आणि काहीच न येता नुसता ओरखडा उठला तर खाली खडक आहे, जाळे टाकू नको. नव्या यंत्रातही तळाची जात ओळखता येते, फक्त ती वाचायला शिकावे लागते. चिखलाचा तळ पडद्यावर पातळ, फिकट पट्टी दाखवतो, कारण चिखल आवाज पिऊन टाकतो. खडकाचा तळ जाड आणि गडद दिसतो. कधी कधी त्याच्या दुप्पट खोलीवर तशीच दुसरी पट्टी उमटते. ती दुसरी जमीन नव्हे. आवाज तळाला आपटून वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावरून पुन्हा खाली गेला आणि परत आला, त्याची ती सावली असते.

आता मासे कसे दिसतात ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. माशाचे मांस बहुतेक पाण्यासारखेच, त्यामुळे आवाज त्यातून बराचसा आरपार जातो. पण बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. पाण्यात वरखाली होताना तोल सांभाळायला ती उपयोगी पडते. आपले कोळीबांधव तिला बोत म्हणतात. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आपटला की जोराने उलटतो. म्हणजे यंत्राला मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या बोतामुळे. याच बोतासाठी घोळ मासा सोन्याच्या भावाने जातो. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका नावेला एकाच फेरीत दीडशेच्या वर घोळ मिळाली आणि लिलावात कोटीच्या पुढे बोली गेली, ही बातमी तुम्ही वाचली असेल.

पण यातच यंत्राची मर्यादा आहे. सुरमईला बोत नाही, बोंबलाला नाही, कोळंबी तर मासाच नव्हे. त्यामुळे ही मंडळी पडद्यावर पुसट दिसतात किंवा दिसतच नाहीत. म्हणजे बाजारात ज्यांची चढाओढ असते त्यांतल्या काहींना यंत्र नीट ओळखत नाही. पडदा रिकामा दिसला म्हणून पाणी रिकामे आहे असे समजणारा नवखा पोरगा आणि “टाक जाळे, इथे कोळंबी हाय” म्हणणारा म्हातारा तांडेल, यांत म्हाताऱ्याचे ऐकावे. तो पाण्याचा रंग, भरती-ओहोटीचा जोर आणि पाखरांची झेप बघत असतो. ते यंत्रात नाही.

आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. पडद्यावर चित्र दिसते, म्हणून लोकांना वाटते की नावेसमोरचा समुद्र दिसतो आहे. तसे नाही. साध्या फिश फाइंडरच्या पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, या क्षणी, नावेच्या तळाखाली काय आहे ते. डावीकडे सरकत गेलेले सगळे चित्र म्हणजे मागे टाकलेले पाणी. पुढे काय आहे, याबद्दल हे यंत्र एक अक्षर सांगत नाही. पुढे पाणथळ खडक असेल, तर यंत्र तो नाव त्यावर पोचल्यावर दाखवील. चारी बाजूंना आवाज फेकून थवे शोधणारे यंत्र वेगळे. त्याला सोनार म्हणतात. ते महाग असते आणि बांगडा-तारलीचे थवे घेरणाऱ्या मोठ्या पर्ससीन नौकांवर दिसते. दोन्ही यंत्रांचा वंश मात्र एकच.

हा वंश कुठून आला तेही सांगतो. 1912 साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आपटून बुडाले, तेव्हा पाण्यात आवाज सोडून धोका ओळखावा ही कल्पना युरोपात जोर धरू लागली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला तिचा उपयोग करायचे ठरले. फ्रान्सच्या लांजेव्हँ या शास्त्रज्ञाने त्यासाठी गारेच्या स्फटिकाचा वापर केला. विजेचा दाब दिला की स्फटिक थरथरतो आणि आवाज काढतो. आवाज आदळला की तोच स्फटिक उलट वीज देतो. तोंड आणि कान एकाच वस्तूत. मासे शोधायला ही विद्या वापरणारे मात्र जपानचे फुरुनो बंधू. नागासाकी भागात मासेमारी नौकांवर विजेची कामे करणारी ही माणसे. महायुद्धानंतर लष्कराची उरलीसुरली यंत्रे मिळवून त्यांनी खटपट केली आणि 1948 साली कोळ्यांना वापरता येईल असे यंत्र विकायला काढले. पहिल्या पहिल्यांदा तिकडच्या कोळ्यांचा विश्वास बसला नाही. शेतात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा आपल्याकडेही असेच झाले होते.

तांत्रिक गोष्ट एकच सांगतो, कारण खरेदीच्या वेळी ती विचारावी लागते. यंत्राचा आवाज दोन पट्ट्यांत असतो, साधारण 50 आणि 200 किलोहर्ट्झ. खालची पट्टी खोलवर जाते आणि रुंद पसरते, पण चित्र भोंगळ. वरची पट्टी खोल जात नाही, पण बारकावा दाखवते. आपला कोकणचा किनारा उथळ आहे. मुंबईसमोर तर शेकडो किलोमीटर गेले तरी पाणी शंभर मीटरच्या आसपासच असते. त्यामुळे रोजच्या कामाला वरची पट्टी पुष्कळ होते. ज्याला फक्त दहा-वीस वावांत जाळे टाकायचे आहे, त्याने हजार मीटर खोलीच्या यंत्रावर कर्ज काढू नये. आणि दर हंगामाआधी नाव वर ओढली की तळाचा तो गोळा हाताने साफ करावा. त्यावर शिंपले चढले किंवा जाड रंग फासला गेला, तर यंत्र बहिरे होते आणि मालक दुकानदाराला दोष देत बसतो.

आता दुसरे यंत्र, जीपीएस. फिश फाइंडर खाली ऐकते, हे वर ऐकते. अमेरिकेने 1978 पासून आकाशात उपग्रह सोडायला सुरुवात केली. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर ते फिरतात आणि प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असते. उपग्रह सारखा ओरडून सांगत असतो, “मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजले आहेत.” नावेवरचे यंत्र तो निरोप पोचायला किती वेळ लागला ते बघते आणि अंतर काढते. निदान चार उपग्रहांचे निरोप मिळाले, की आपली जागा निघते. हा निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. 2000 सालच्या मेपर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठी मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि हे यंत्र खऱ्या अर्थाने गरिबाच्या नावेवर आले. आपल्या देशानेही 2013 ते 2016 या काळात ‘नाविक’ नावाच्या व्यवस्थेसाठी सात उपग्रह पाठवले. त्यांतल्या काहींच्या घड्याळांनी दगा दिला, आणि 2023 मध्ये भारतात बनवलेले घड्याळ घेऊन नव्या पिढीचा पहिला उपग्रह गेला.

नावेवर त्याचा उपयोग मोठा. पूर्वी तांडेल किनाऱ्यावरचा एक डोंगर आणि त्यामागचे देऊळ एका रेषेत धरी, दुसऱ्या बाजूला दुसरी अशीच जोडी धरी, आणि जिथे दोन रेषा मिळतात ती आपली जागा. ही खूण बाप मुलाला सांगे, शेजाऱ्याला नाही! धुके पडले किंवा किनारा दिसेनासा झाला की मात्र खूण गेली. आता यंत्रात जागेचे आकडे साठवता येतात. डोलवाल्याला आपले जाळे जिथे बांधलेले आहे तिथे काळोखातही परत जाता येते. जिथे बुडालेल्या जहाजात जाळे अडकून फाटले, ती जागा आयुष्यभरासाठी नोंदवता येते.

हे आकडे वाचायला अवघड नाहीत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 मिनिटे आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. रत्नागिरी साधारण 17 अंशांवर आहे आणि मालवण 16 अंश 3 मिनिटांवर. म्हणजे रत्नागिरीहून मालवण उत्तर-दक्षिण 57 सागरी मैल. तिसरी-चौथीतल्या पोराला हे गणित घालून बघा. पण इथेच एक खोड आहे. काही यंत्रे मिनिटांत आकडा दाखवतात, काही दशांशात. 17 अंश 30 मिनिटे आणि 17.30 अंश या दोन वेगळ्या जागा आहेत. दुसरी म्हणजे 17 अंश 18 मिनिटे. फरक 12 सागरी मैलांचा! वायरलेसवर मदत मागताना हा घोळ झाला, तर शोधणारी बोट भलत्याच पाण्यात फिरत बसेल. तेव्हा बोलताना “अंश, मिनिटे” असे स्पष्ट म्हणावे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. जीपीएस फक्त ऐकते. ते बोलत नाही. नावेवर जीपीएस आहे म्हणजे नाव कुठे आहे हे सरकारला, मालकाला किंवा घरच्यांना आपोआप कळते, असे पुष्कळ घरांत समजतात. हे साफ चूक आहे. यंत्र तांडेलाला त्याची जागा सांगते, बस्स. मोबाइलमध्येही जीपीएस असते आणि ते टॉवर नसतानाही चालते, कारण त्यालाही फक्त ऐकायचे असते. पण टॉवर नाही तर फोन ती जागा तुम्हाला कळवू शकत नाही.

2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ कोकणावर आले आणि 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओखी आले. ओखीच्या वेळी खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी नौकांपर्यंत इशारा पोचलाच नाही, कारण त्या फोनच्या आणि वायरलेसच्या टप्प्यापलीकडे होत्या. त्यांना आपण कुठे आहोत हे माहीत होते, फक्त वादळ कुठे आहे ते माहीत नव्हते. त्यांतल्या साठाहून जास्त नौका, साडेनऊशेच्या आसपास माणसे घेऊन, आपल्या देवगडच्या आसऱ्याला आल्या. देवगडकरांना ते दिवस आठवत असतील. पुष्कळ जण मात्र परत आलेच नाहीत.

त्यानंतर 2019 मध्ये ‘जेमिनी’ नावाची पेटी निघाली. ती आपल्या ‘गगन’ उपग्रहांकडून वादळाचा इशारा घेऊन नावेवरच्या मोबाइलवर देते, टॉवर नसला तरी. पण तीही एकेरी वाट आहे, तिच्यातून उलट निरोप जात नाही. उलट निरोप जातो तो ‘डॅट’ या यंत्रातून. संकटात त्याचे बटण दाबले, की नावेची ओळख आणि जागा उपग्रहामार्गे तटरक्षक दलाच्या केंद्राला मिळते. 2024 मध्ये आलेल्या त्याच्या नव्या प्रकारात तर “तुमचा निरोप मिळाला” असे उत्तरही परत येते. बुडणाऱ्या माणसाला त्या एका उत्तराची किंमत काय असते, ते सांगायला नको. मालकाने हे यंत्र आपल्या नावेच्या नावावर नोंदवलेले असले पाहिजे. दुसऱ्याचे उचलून आणलेले असेल, तर शोध दुसऱ्याच नावेचा सुरू होईल. चुकून बटण दाबले गेले, तर लगेच तसे कळवावे. लपवून ठेवू नये.

गुजरातकडे जाणाऱ्यांच्या घरच्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. पाण्यावर सीमेची रेघ नसते. रात्री जाळे टाकून झोपलेली नाव ओढीबरोबर वाहत जाते आणि पहाटे पाकिस्तानी गस्तीनौका समोर उभी राहते. पालघरच्या कितीतरी घरांनी आपला माणूस कराचीच्या तुरुंगात असल्याचे दिवस काढले आहेत. दोन्ही देश 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांकडच्या कैद्यांच्या आणि कोळ्यांच्या याद्या देतात. घरचे लोक त्या तारखांकडे डोळे लावून बसतात. जीपीएसमध्ये सीमेजवळ घंटा वाजेल अशी सोय करता येते. पण ती घंटा आधी कुणीतरी लावावी लागते, आणि ती वाजली की पहारेकरी जागा असावा लागतो. मासे पलीकडे जास्त आहेत म्हणून मालकच घंटा बंद ठेवायला सांगत असेल, तर अशा मालकाकडे पोराला पाठवू नका. पगार दोन हजार कमी मिळाला तरी चालेल.

मासे कुठे आहेत याचा अंदाजही आता आकाशातून मिळतो. हैदराबादला ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था 1999 पासून आहे. ती उपग्रहांवरून पाण्याची उष्णता आणि हिरवा रंग बघते. हिरवा रंग म्हणजे बारीक वनस्पती, तो समुद्राचा चाराच. चारा जिथे तिथे लहान मासे, आणि त्यांच्यामागे मोठे. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर आणि किती खोलीवर जावे, हे मराठीतही फुकट कळवले जाते. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही, तेव्हा तो निरोपही येत नाही. डिझेल जाळत भटकण्यापेक्षा नेमके जाणे केव्हाही स्वस्त.

पण माझे स्पष्ट मत सांगतो. ही यंत्रे मासा शोधून देतात, मासा वाढवीत नाहीत. विहिरीवर मोठा पंप बसवला म्हणून झरा वाढत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2019 मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी सुमारे दोन लाख टन होती. गेल्या 45 वर्षांतली ती सर्वांत कमी, असे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने सांगितले. त्या वर्षी वादळांनी बरेच दिवस खाल्ले हे खरे, पण सगळे खापर वादळांवर फोडता येणार नाही. पडद्यावर थवा दिसला म्हणजे तो पिल्लांचा की वाढलेल्या माशांचा, हे साधे यंत्र सांगत नाही. ते जाळ्याच्या आसावर ठरते. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून तो उजेड दिसतो, अशी तक्रार पारंपरिक कोळी करीतच आहेत. एकीकडे पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा म्हणून मान दिला आणि दुसरीकडे त्याची बोटभर पिल्ले टोपलीने विकली जातात. घेणारेही आपणच असतो.

तुमचा माणूस या हंगामात नावेवर जाणार असेल, तर निघण्याआधी त्याच्याकडून एवढे लिहून घ्या : नावेचे नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचा आणि तांडेलाचा फोन, नावेवर डॅट आहे की नाही, आणि जीवरक्षक जाकिटे माणसांइतकी आहेत की नाही. जीपीएसवर माणूस पाण्यात पडल्याचे बटण असते. ते दाबले की ती जागा यंत्रात पक्की होते. ते बटण कुठे आहे, हे फक्त तांडेलाला नाही तर प्रत्येक खलाशाला ठाऊक असावे. तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी पोलिसांचा 1093. सगळे एका कागदावर काढून चुलीजवळच्या कालनिर्णयाच्या मागे चिकटवून ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री शोधाशोध नको.